गोधडीच्या टाक्यांची होडी

दत्तू, तुझी होडी परवापर्यंत गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. खाली म्हैस बांधतो. ती मधूनच मान वर करून होडीकडे बघायची आणि पुन्हा वैरणीला लागायची. तुझ्या होडीकडे बघून न हसणारं गावात तेवढं एकच जनावर होतं.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी आपला चुलतभाऊ बापू आला. चहा संपवून बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "आक्का, आता गुऱ्हाळं सुरू व्हतील. त्ये वरचं कापड काढून दिलंस तर गुळाच्या ढेपा झाकाय हुईल. जाड कापड हाय, नुसतं लोंबकळत ठिवून काय करायचं?"

मी म्हटलं, "ती होडी हाय."

"व्हय, पर आता तिच्यात बसणार कोण?"

मी "बघू" म्हणाले आणि त्याला वाटेला लावलं. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं चांगलं लिहितात. तू कसा होतास ते गावाला माहीत आहे, त्यात मी भर घालावी असं काही नाही. मला आपली भांडणं पुरी करायची आहेत. तू मधेच उठून गेलास.

माझं लग्न झालं त्या वर्षी तू जन्मलास. मी सासरी नांदायला गेले तेव्हा तू रांगत होतास आणि नवरा मेल्यावर परत आले तेव्हा तू पाटी फोडून रानात पळत होतास. तेव्हापासून आपण एका घरात. तू पलटणीत गेलास, हवालदार झालास, पेन्शनीत आलास, आणि आता घर धरशील असं वाटलं तोवर लढाई लागली आणि तुला परत बोलावलं. ब्रह्मदेशातून आलास तो अर्धा होऊन. गालफडं बसलेली, डोळे पिवळे, तापानं पोटात पानथरी वाढलेली. सुभद्रानं, तुझ्या बायकोनं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत जाऊन रडली. मी रडले नाही. मी विचारलं, "बूट कुठं हाईत?" तू बूट मिरजेच्या गाडीत विसरून आला होतास.

पहिले चार दिवस ओट्यावर माणसं मावत नव्हती. सगळ्यांचा एकच प्रश्न, समुद्र केवढा असतो? तू सांगायचास, लाटा गावच्या तालमीएवढ्या, पाणी निळं, मासे बैलाएवढे. माणसं तोंड उघडी टाकून ऐकायची. मग एकदा सगळे गेल्यावर तू माझ्याजवळ येऊन बसलास. मी शेंगा फोडत होते. तू दोन शेंगा उचलल्यास, फोडल्यास, दाणे परत सुपात टाकलेस.

"आक्का, एक सांगू? म्या समुद्र बघितलाच न्हाई."

"मग दोनदा गेलास कशातनं?"

"बोटीच्या पोटातनं. जाताना खाली कोंबलं आमास्नी, वरचं झाकाण बंद. ओकून ओकून मरायची पाळी. येताना ताप, डोळं उघडत न्हवतं. पत्र्याला कान लावून पडलो व्हतो. पलीकडनं समुद्र नुसता घासत जायाचा. त्यो आवाज तेवढा ठावं हाय मला."

मी म्हटलं, "मग लोकांस्नी थापा कशापायी मारतोस?"

"त्येंनी एवढ्या आशेनं इचारल्यावर काय सांगू, पत्रा बघितला म्हनून?"

त्यावर मला हसू आलं. तुलाही आलं. पण तू परत गंभीर झालास आणि ते बेटाचं सांगितलंस.

तुझ्या कंपनीत एक कोकणातला होता. घरची मासेमारी, बाप तांडेल, होडीवरचा म्होरक्या, म्हणून सगळे यालाही तांडेलच म्हणायचे. चिपळूणच्या खाली समुद्रकाठी त्याचं गाव. गावासमोर पाण्यात एक बेट. वस्ती नाही, नुसता खडक, झुडपं आणि पाखरं. बेटाच्या पाठच्या अंगाला खडकांच्या कपारीत चांगला मासा असतो, पण मोठी होडी तिथं जात नाही, तळ फुटतो. हलकी, अरुंद, एका-दोघांची होडी असेल तरच जमतं. तशी होडी तुम्ही दोघांनी ब्रह्मदेशच्या खाड्यांत बघितली होती. गोरे सोल्जर कापडाच्या होड्या घेऊन यायचे. काठ्या काढल्या की कापडाची घडी, काठ्या घातल्या की होडी. तू तांडेलला म्हणालास, "असली होडी करून मी तुझ्या गावाला येतो आणि आपल्या हातानं वल्हवत त्या बेटाला वळसा घालतो." तो म्हणाला, "घाटावरचा माणूस दर्यावर होडी घेऊन येणार! त्या दिवशी मी गावजेवण घालीन."

आपल्याकडं होडी म्हटली की आधी आठवते ती काईल, उसाचा रस आटवायची मोठी कढई. गूळ उतरला की पालथी पडलेली, पुरात उताणी करून नदीत घातली की अख्खं बिऱ्हाड पैलतीराला. तूही आधी तेच केलंस. बापूच्या गुऱ्हाळावरची जुनी काईल ठोकून बघितलीस आणि तांडेलला कार्ड टाकलंस, की काईल घेऊन येतो. त्याचं उत्तर आलं ते तू मला वाचून दाखवलं नाहीस, मीच वाचलं. लिहिलं होतं, काईल दर्यात जागच्या जागी गरगर फिरेल आणि तुला मळमळून परत पलटण आठवेल. तिच्यात गूळच कर आणि येताना मला चार शेर घेऊन ये.

मग कापडाची होडी सुरू झाली. पुण्याहून पलटणीच्या फाटक्या तंबूचं कापड आणलंस. कळकाच्या कांबी तासल्यास, वाफेवर वाकवल्यास, सुतळीनं बांधल्यास. परसात तो सांगाडा उभा राहिला तेव्हा सुभद्रा म्हणाली, "वन्सं, ही तिरडी कुणाची?" मी तिला गप्प केलं. तिच्या तोंडून चुकून गेलं, आणि आता त्याचा अर्थ लावत बसायचं नाही असं मी तिला परवाच बजावलं आहे.

कापड विरलेलं होतं, आतून अस्तर पाहिजे होतं. तू म्हणालास, "आक्का, तुझी जुनी लुगडी दे आन् आतनं अस्तर लावून दे." आणि गळ, दोरा आणायला कराडला गेलास. तिथून कुणाच्या तरी लग्नाला उंब्रजला गेलास. परत येईपर्यंत मी काम संपवलं होतं.

आता हे भांडण नीट मांडू दे. मी आयुष्यभर गोधड्या शिवल्या. आपल्या गावात निम्म्या घरांत माझ्या हातच्या गोधड्या आहेत. थरावर थर घालून शिवायचं म्हणजे कडेपासून सुरू करायचं आणि ओळीला लागून ओळ टाके घालत मधोमध येऊन थांबायचं. मला दुसरं शिवणं येत नाही. मी तसंच शिवलं. सगळ्या होडीला, टोकापासून टोकापर्यंत, बोटबोट अंतरानं ओळी. लाल दोरा संपला तेव्हा पांढरा घेतला. दिसायला सुरेख झालं होतं, ते तूही कबूल केलंस.

नदीच्या घाटावर बाया धुणं धूत होत्या. तू होडी पाण्यात ठेवलीस, कासोटा खोचलास आणि पाय टाकणार तोवर होडी भरली. भोक पडलेलं नव्हतं. सगळ्या अंगानं पाणी आत येत होतं, घाम फुटावा तसं.

तू वळून माझ्याकडं बघितलंस. "आक्का, ही होडी हाय का पिठाची चाळण?"

"तूच म्हनलास अस्तर लाव."

"कडंनं लावायचं! मदी कशाला एवढं टोचलंस?"

"मदी न्हाई शिवलं तर अस्तर गोळा हुतंय."

"गोळा हुंद्या की! मी काय पांघरून झोपणार हाय तिला?"

बायांच्या हातातली धुणी थांबली. एकजण म्हणाली, "हवालदार, झोपा त्यातच, गार हाय पाणी." मला राग आला, पण तुझाच चेहरा बघून तो गेला. तू पाण्यात कमरेएवढा उभा होतास आणि हसताना तुला खोकला आला होता. पलटणीतून आल्यावर तू एवढं हसल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

तू टाके उसवायचे म्हणालास. मी म्हटलं हात लावशील तर बघ. विहिरीची चामड्याची मोट नवी शिवली की पहिल्या दिवशी गळते, दोरा भिजून फुगला की भोक आपोआप बुजतं. होडी पाण्यात दगड टाकून भिजत ठेव. तू नाक मुरडलंस, पण ठेवलीस. दुसऱ्या दिवशी तू रानात असताना मी एकटी घाटावर गेले, होडी रिकामी करून परत पाण्यात ठेवली आणि काठावर बसून बघितलं. पाणी येत होतं, पण थेंब थेंब. हे मी बघितलं आहे, दत्तू. तू बघितलं नाहीस. तू रानातून आलास, होडी वाळवलीस आणि करडईचं तेल आटवून मोटेला लावतात तसलं रोगण करून आतून-बाहेरून थापलंस. घर चार दिवस वासानं राहण्यासारखं नव्हतं. त्यानंतर होडी गळायची बंद झाली आणि तू गावभर सांगितलंस, रोगणानं काम केलं.

ते दोऱ्यानं केलं होतं. मी शेवटपर्यंत हेच म्हणत होते आणि तू शेवटपर्यंत मान हलवत होतास.

एक अडचण राहिली होती. तू मागं बसलास की होडीचं नाक वर उठायचं. बसणाऱ्याच्या पुढं वजन पाहिजे. तू वाळूचं पोतं ठेवलंस, ते एका अंगाला घसरलं आणि तू पाण्यात. मग माझ्याकडं बघत राहिलास.

"न्हाई," मी म्हटलं.

"म्या काय बोललोच न्हाई."

"तुझ्या डोळ्यांत दिसतंय. मी काय पोतं हाय?"

"पोतं हलतं, आक्का. तू एकदा बसलीस की हलत न्हाईस. तुझ्या सासरच्यांस्नी इचार."

मी बसले. वैशाखाचे दिवस होते, नदी उतरलेली, पाणी संथ. आपल्या गावासमोरही नदीत बेट आहे; तिथल्या करंजाच्या झाडांतल्या म्हसोबाला उथळ उतारानं पायी जाऊन मी नारळ फोडले आहेत. पण त्याच्या भोवतीनं कधी गेले नव्हते. कशाला जाईल कोण? मी दोन्ही हातांनी कडा धरून बसले होते. मागं तुझं ते दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, कावडीसारखं, एकदा इकडं एकदा तिकडं पाण्यात बुडत होतं.

"आक्का, हलू नको."

"मी हलत न्हाई, तू हलीवतोयस."

"मग बोलू नको."

बेटाच्या पाठीमागं गेलो तसा घाटावरचा आवाज बंद झाला. पाण्यावर करंजाची सावली पडली होती. तू वल्हं आडवं ठेवलंस आणि गळ सोडलास. आपण दोघं नुसते बसलो होतो. मग होडी वळली आणि मला आपलं गाव दिसलं. एवढी वर्षं मी गावातून नदी बघत आले, नदीतून गाव कधी बघितलं नव्हतं. लहान दिसलं. आपल्या घराचं छप्पर शोधायला मला वेळ लागला. मी तुला म्हणाले, "परसातली भिंत पडायला आलीया." एवढंच म्हणाले. मला ते बघून काय वाटलं ते सांगायचं राहिलं. चांगलं वाटलं. एवढ्या लहान गावात आपण एवढी मोठी भांडणं केली, असं वाटलं.

तेवढ्यात गळाला सापासारखी लांब वाम लागली आणि होडी तिनं ओढली तिकडं गेली. तू ओरडत होतास, मी पदरात ती वळवळती वाम धरून शिव्या देत होते, आणि होडीच्या तळाला मात्र टाचेएवढंही पाणी नव्हतं. संध्याकाळी परसातल्या चुलीवर मी ती रांधली. सुभद्रा माळकरी, तिच्या चुलीला मासा शिवत नाही. ती आतून म्हणाली, "काटं गोठ्यात टाकू नगा." पण दारात उभी राहून सगळं ऐकून घेतलं, होडी कशी वळली, मी कशी ओरडले.

त्या दिवशी बेटावरून परत येताना काठाशी तुझे ओठ निळे पडले होते. मी विचारलं तर म्हणालास, "वारं उलटं व्हतं." वारं नव्हतंच.

मी तुला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग सांगितलं, काळीज थकलं आहे. ओझं उचलायचं नाही, चढ चढायचा नाही, धावपळ करायची नाही. तू सगळं शिपायासारखं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "बसून काम केलं तर चालंल?" ते बिचारे म्हणाले, "बसून काय हवं ते करा." बाहेर आल्यावर तू मला म्हणालास, "डॉक्टरनं परवानगी दिली." मी गाडीत तुझ्याशी एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर बोलले. ते सगळ्या आळीनं ऐकलं. मी म्हटलं, "नदीतली वाम धरून ओठ निळं पडत्यात, समुद्रात काय हुईल? मरायचं तर घरात मर. मला तुझ्यामागं कोकणात रडत हिंडाय लावू नगो."

तू दारात बसून बूट पुसत होतास. वर न बघता म्हणालास, "घरात मरायचं असतं तर म्या पलटणीत गेलो असतो व्हय?" मग थोड्या वेळानं म्हणालास, "आक्का, समुद्र एकदा पत्र्याच्या भाईरनं बघायचा हाय. बास."

आपण दोन-तीन दिवस बोललो नाही. मग तू मीठ मागितलंस आणि ते भांडण तिथंच राहिलं. मी कधीही तुला "जा" म्हटलं नाही. पण श्रावण सरला तसं मी गळ ठेवायला जाड कापडाची पिशवी शिवायला घेतली. गळाचा दोरा मेणातून ओढून ठेवला. चटणीसाठी शेंगा निवडून वेगळ्या काढल्या. पाणी उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून तुझ्या जुन्या टोपीला पुढं झडप लावली. तू हे सगळं येता-जाता बघत होतास. तुला त्यातून काय ते कळलं का, हे मला विचारायचं होतं. कळलं असावं. टोपी तू घरातच घालून बसायला लागलास.

तांडेलचं ठरलं होतं, दिवाळीनंतर दर्या मऊ होतो तेव्हा यायचं, भरती बघून निघायचं, कारण ओहोटीला खडक वर येतात. घडी घालून होडी सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकायची, कुंभार्ली घाटानं उतरायचं. वल्हं तेवढं नवं करायचं होतं. पहिलं जड झालं होतं, तुला धाप लागायची. म्हणून आंब्याची पातळ फळी घेऊन तू ओट्यावर बसलास आणि काचेच्या तुकड्यानं ते तासत, घासत राहिलास. दिवसेंदिवस. घरभर भुसा.

दसऱ्याच्या आधी, सकाळी, तू हाक मारलीस. "आक्का, ये की. हे बघ कसं झालंय. उचलून बघ, पिसावाणी."

मी भाकरी तव्यावरून उतरवून आले. वल्हं हातात घेतलं. हलकं होतं खरंच. मी त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हितं अजून खरखरतंय."

तू हसलास. वल्हं माझ्या हातून घेतलंस, मांडीवर ठेवलंस, काच उचललीस आणि खांबाला टेकलास. मला वाटलं श्वास घेतोयस. मी आत जाऊन दुसरी भाकरी टाकली. ती भाजून झाली तरी काचेचा आवाज आला नाही.

मी तुला म्हणाले होते, मरायचं तर घरात मर. आयुष्यभर तू माझं एक ऐकलं नाहीस. ऐकलंस ते हे. मी ते शब्द परत घेत नाही, कारण घेऊन काही होत नाही. पण तू ते ऐकायला नको होतंस, एवढं लिहून ठेवते.

दिवाळी सरली आणि परवा तांडेल आला. तू गेल्याचं बापूनं त्याला कार्ड टाकलं होतं. काळा, बुटका, खांद्यावर पिशवी, पिशवीत सुकटीचं पुडकं. दारात उभा राहून म्हणाला, "हवालदारांचं घर हेच काय?" आणि मला बघून, "तुमी आक्का. तुमचा आवाज त्येनं मला करून दाखवला होता." असली नक्कल तू तिकडं बसून करायचास, हे मला तुझ्या मागं कळलं.

सुकटीच्या वासानं सुभद्रा आत गेली. पण तिनं पुडकं बाहेर टाकायला सांगितलं नाही.

तांडेलनं होडी बघायला मागितली. बापूही होता. दोघांनी ती खाली उतरवली. तांडेलनं आत हात घालून टाक्यांवरून फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्याकडं बघितलं.

"हे कोणी केलान?"

"मी."

"एवढे टाके?"

"न्हाईतर अस्तर गोळा हुतंय."

तो हसला. मोठ्यानं हसला आणि मग दुःखाच्या घरात हसलो म्हणून स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. "आक्का, माझ्या बापानं होड्या बांधल्या, आज्यानं बांधल्या. गोधडीत बसून मासे मारायला निघालेला माणूस आमच्या खाडीत अजून कोणी बघितला नाही."

"गळत न्हाई ती," मी म्हटलं.

"गोड्या पाण्यात नाही गळली. दर्याचं काय सांगावं?"

बापू म्हणाला, "आता दर्याला कोण नेतंय? कापड गुळाला कामी येईल."

तेव्हा आतल्या दारातून सुभद्रा बोलली. दिवसपाण्यापासून ती चार माणसांत एक शब्द बोलली नव्हती. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर. म्हणाली, "भावजी, त्ये कापड गुळावर जायाचं न्हाई."

बापू म्हणाला, "मग काय करायचं त्येचं?"

"पावण्यांस्नी वल्हवता येतंय न्हवं? त्यास्नी घिऊन जाऊ द्या." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वन्सं, तुमी जावा संगं. होडीला पुढं वजन लागतंय, ह्ये म्हनायचे."

मी म्हटलं, "अगं, मी म्हातारी बाई समुद्रात जाऊन काय करू?"

"बसायचं. हलायचं न्हाई. तुमाला तेवढं येतंय."

तुझी बायको बोलायला लागली तर अशी बोलते, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. बापू उठून गेला. जाताना म्हणाला, "हे घर खुळं हाय." ते काही नवीन नाही.

तांडेलनं होडीच्या कांबी एक एक करून मोजल्या. मग म्हणाला, "आक्का, मी त्येला गावजेवण बोललो होतो. ते मी देतो. तुमी आलात तरी देतो."

म्हणून उद्या आम्ही निघतो. कांबी सोडून एका मोळीत बांधल्या आहेत. होडीची घडी घातली. माझ्या हाताला ती सवय आहे, गोधडीसारखीच घडी पडते. कराडला मोटारीचा कंडक्टर विचारेल, हे काय आहे, तर गोधडी म्हणून सांगेन, आणि ते खोटं होणार नाही. तुझी टोपी घेतली आहे. शेंगांची चटणी केली, सुभद्रानं भाकऱ्या थापल्या. तांडेलसाठी गूळ बांधला, चार शेर नाही, दोन. म्हातारीला एवढंच उचलतं. सुभद्रा येत नाही. तिनं सांगितलं, आल्यावर सगळं नीट सांगा, गाळू नका. तिला समुद्र थापा मारून सांगायचा नाही असं मी ठरवलं आहे. जेवढा असेल तेवढाच सांगेन.

तुझ्यासाठी जाते असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणेन. तू नाहीस, तुझ्यासाठी आता काही करता येत नाही. मला बेटाच्या पाठीमागून जमीन बघायची आहे. नदीतून गाव लहान दिसलं, समुद्रातून काय दिसतं ते बघू दे. ही हौस मला तू लावलीस. तू नसतास तर मी परसातली पडकी भिंत परसातूनच बघून मेले असते, आणि काही चुकलं असं वाटलंही नसतं.

राहिलं आपलं भांडण. बेटाला वळसा घालताना आत पाणी आलं, तर तुझं रोगण कच्चं. नाही आलं, तर माझा दोरा फुगला. दोन्हीकडून मीच जिंकते, कारण मान हलवायला तू नाहीस. असलं जिंकणं मला नको होतं.

मघाशी वल्हं मोळीत बांधायला घेतलं. तू गेल्यापासून त्याला कुणी काच लावलेली नाही. सुभद्रानं भुसा झाडला तेवढाच. मी उजेडाला धरून त्याच्यावरून अंगठा फिरवला, या पात्यापासून त्या पात्यापर्यंत, दोनदा. कुठंच खरखर लागली नाही. त्या सकाळी लागली होती, की सवयीनं बोलले, ते मला आता आठवत नाही.

वल्हं चांगलं झालं आहे, दत्तू.